मधला आवाज

खांदा आखडून आठवडाभर वाडीत घरी पडलो होतो. बाहेर अमरावती रोडवरचे ट्रक, कानात मात्र व्हायोलाची जाड ‘सी’ तार.

व्हायोला हा व्हायोलिनचा थोरला भाऊ. तारा पंचमाने खाली लावलेल्या. खोका त्या मानाने लहानच, म्हणून आवाज जरा घोगरा. मला तो घोगरेपणाच आवडतो.

व्हायोलावर पोट भरायचं तर मुंबई गाठावी लागते. तिथे एनसीपीए या कलासंस्थेत २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. त्यातही व्हायोलावाले बसतात मधोमध, सोलो क्वचितच.

अशा सोलोचीच एक गोष्ट: संगीतकार विल्यम वॉल्टनने व्हायोला कॉन्चेर्टो लिहिला, तेव्हा नामवंत वादक लायनेल टर्टिसने तो चक्क परत पाठवला. १९२९ मध्ये लंडनला तो पहिल्यांदा वाजवला संगीतकार पॉल हिंडेमिथने. टर्टिसने पुढे चूक कबूल केली आणि स्वतःही तो वाजवला.