नाळेची जाडी

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘गळ्याभोवती नाळेचा एक वेढा’ एवढं दिसलं की घरचे हवालदिल होतात. सासूबाई लगेच सुनेकडे बघतात: तरी सांगत होते, हात वर करून कपडे वाळत घालू नकोस! हात वर करण्याचा आणि वेढ्याचा काहीएक संबंध नाही. चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याशी वेढा निघतोच, आणि डोकं बाहेर आलं की बहुतेकदा तो बोटानं सोडवता येतो.

नाळेबद्दल विचारायचंच तर ती भरलेली आहे का, ते विचारा. पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळाची नाळ पन्नास-साठ सेंटिमीटर लांब, पिळदार, निसरडी आणि गुबगुबीत असते. हा गुबगुबीतपणा व्हार्टन जेलीचा. थॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्यानं १६५६ साली तिचं वर्णन केलं. त्या जेलीत तीन रक्तवाहिन्या सुरक्षित राहतात. इथे शीर शुद्ध रक्त बाळाकडे आणते आणि दोन धमन्या अशुद्ध रक्त वारेकडे नेतात, म्हणजे एरवीच्या नेमकं उलट.

पोटात वाढ खुंटलेल्या बाळाची नाळ पुष्कळदा सुतळीसारखी हाताला लागते. मूळ दुखणं मात्र बहुधा वारेत असतं. डॉपलर सोनोग्राफीत मी बघते ती बाळाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांमधली उसंत. तेव्हाही धमनीतलं रक्त वारेकडे सरकत राहायला हवं. वारेतल्या वाहिन्या निकामी होऊ लागल्या की तो प्रवाह आधी मंदावतो, मग थांबतो, शेवटी उलटा फिरतो. त्यानंतर ‘आठवडाभर थांबू, वजन वाढेल’ या म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही.

वजनाचा काटाही सगळं सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी नाळेतलं रक्त तपासलं. लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा पुण्याची बाळं वजनाला कमी, तरी त्यांच्या नाळेतल्या रक्तात इन्सुलिन जास्त. मधुमेहाची बीजं कुठवर मागे जातात बघा.

बाळ रडलं की लगेच नाळेला चिमटा लावायची घाई मला आवडत नाही. एक ते तीन मिनिटं थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळात उतरतं, लोह मिळतं, वजनात शंभरेक ग्रॅमची भर पडते. दाराबाहेरून आजी विचारत असते, ‘‘किती भरलं हो?’’

‘‘अजून भरतंय, आजी.’’