मोरीचं कालवण

२०१४ साली लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेले होते, तेव्हाची गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी तिचं घर. संध्याकाळी मी आणि हे धक्क्यावर फिरायला जायचो. तिथल्या सार्वजनिक धक्क्यांवर गळ टाकायला परवाना लागत नाही, त्यामुळे माणसं तऱ्हेतऱ्हेची. फिलिपिनो, व्हिएतनामी, मेक्सिकन... एकमेकांची भाषा येत नाही, पण कुणाला मासा लागला की सगळे उठून बघायला येणार!

एकदा एका आजोबांना ठिपक्याठिपक्यांची चांगली साडेतीन फुटांची मोरी लागली. मी इतकी हरखले की त्यांनी मोठा तुकडा कापून माझ्या हातात ठेवला. आमच्या रत्नागिरीकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी देतात. लेकीला अवकाश होता, पण मला कुठला धीर? खोबरं-कांदा भाजून कालवण केलं. तिने ताट सरकवलं. "आई, खाडीतला मासा मी नाही खाणार."

माझा पारा चढला. बोलू नये ते बोलले. तुझ्या वेळी मी हेच खाल्लं होतं, वगैरे.

सकाळी तिने धक्क्यावरची पाटी दाखवली. रोज तिच्यावरूनच जात होतो! पारा माझ्या डोक्यात नाही, माशात होता. १८४८ नंतर तिथे सोन्याची झुंबड उडाली. सोनं वेगळं करायला पारा वापरत, तो सॅन होजेजवळच्या खाणींतला. नद्यांनी तो खाडीत आणला. चिखलातले जिवाणू त्याचं विषारी रूप करतात, ते लहान माशातून मोठ्यात साठत जातं आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूला बाधतं. मोरी तर शिकार करणारी. हा पारा मांसातच असतो, धुऊन, तळून, उकळून जात नाही. लहान मासा निर्धोक म्हणावा, तर सर्फपर्च कुणीच खाऊ नये असं लिहिलेलं. त्यात पीसीबी नावाचं कारखान्यांतलं रसायन. ते चरबीत राहतं, म्हणून कातडी-चरबी काढून टाकायची. आणि आपण तर डोक्यासाठी भांडणारी माणसं!

माझ्या वयाच्या बाईला त्या वेळच्या पाटीप्रमाणे मोरी आठवड्यातून एकदा चालत होती म्हणे. तेव्हा ते कालवण आम्ही दोघांनी संपवलं. म्हातारपणाचा एक फायदा.

आजोबांची सात-आठ वर्षांची नात सोबत असायची. मी तिला पाटीपाशी नेलं, मोरीच्या चित्रावर बोट ठेवलं, मग तिच्यावर, आणि मान हलवली. ती मोठ्याने वाचून आजोबांना त्यांच्या भाषेत सांगू लागली. ते ऐकत राहिले. बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. रागावले की काय, कळलं नाही. फुकट मिळणारा मासा सोडा म्हणणं मला सोपं होतं, माझी लेक नोकरीवाली. सोनं नेणारे कधीच गेले आणि पाटी वाचायची पाळी मात्र ह्या पोरीवर.

लेकीसाठी मग दुकानातून सामन आणला. त्याचं कालवण काही मला जमलं नाही.