खातेनिहाय चौकशी

जे यंत्र एकदा बंद पडले आणि बंदच राहिले, त्याचे आम्हांस कधी भय वाटले नाही. ते कारागिराच्या हवाली करावे आणि तो मागेल ते पैसे द्यावेत. भय वाटते ते अधूनमधून बिघडणाऱ्या यंत्राचे. घरी दहा वेळा अडून बसणारे, आणि कारागिरापुढे ठेवताच शहाण्या मुलासारखे वागू लागणारे यंत्र त्याच्या धन्याला चारचौघांत खोटे पाडते. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्यावर कधी एखादी खातेनिहाय चौकशी चालविण्याचा प्रसंग आला असेल, त्यांना या जातीचा आरोपी अपरिचित नसेल. साक्षीदारांसमक्ष तो निष्कलंक. कागदोपत्री मात्र त्याचे पराक्रम रोज नवे.

गेल्या हिवाळ्यात असे एक प्रकरण आमच्याकडे आले. आमचा भाचा पुण्यास अभियांत्रिकीची पदवी घेऊन केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी दिल्लीस आला आणि करोल बागेत गच्चीवरच्या एका खोलीत, म्हणजे इकडच्या भाषेत बरसातीत, राहू लागला. एके काळी या भागात सरकारी नोकरीतील मराठी कुटुंबे बिऱ्हाड करीत. आता करोल बाग आणि तिला लागून असलेले जुने राजेंद्रनगर ही परीक्षार्थींचीच वसाहत झाली आहे. अजमलखाँ मार्गावर खरेदीची झुंबड उडालेली असते, आणि चार गल्ल्या पलीकडे साताऱ्याची, लातूरची, बुलढाण्याची मुले राज्यघटनेची कलमे घोकीत असतात.

भाच्याजवळ पुण्याच्या दिवसांतला एक लॅपटॉप होता. तो खेळांसाठी बनविलेला, वजनाने भक्कम, अंधारात ज्याच्या कळा तांबड्या उजळतात असा. टिपणे, व्याख्याने, सराव-परीक्षा सारे त्याच्यावरच. हे यंत्र डिसेंबरात चालता चालता थिजू लागले. पडद्यावरचे चित्र जागच्या जागी थांबे, शेवटचा ध्वनी घासलेल्या ध्वनिमुद्रिकेप्रमाणे क्षणभर घुमत राही, मग अंधार, आणि काही झालेच नाही अशा थाटात यंत्र पुनश्च सुरू होई. एका रविवारी याने दीड तास लिहिलेली सराव-परीक्षा गिळली. भाच्याने ते बार्शीस वडिलांना कळविले. आमचे दाजी निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा निकाल त्याच दूरध्वनीवर लागला : खेळाचे यंत्र आहे, रात्ररात्र खेळूनच बिघडले. आम्हांस त्यांनी बजावले, "तुम्ही एकदा डोळ्यांनी पाहा. तसेच असेल तर संक्रांतीनंतर त्याला गाडीत बसवून द्या. पैसे खेळण्यासाठी पाठवीत नाही मी."

म्हणजे चौकशी यंत्राची होती आणि शिक्षा मुलाला व्हावयाची होती.

अशा वेळी सल्ला देणारांस तोटा नसतो. शेजारच्या खोलीतील विद्यार्थ्याचे मत, सारी प्रणाली पुसून नव्याने भरावी. आमच्या कचेरीतील एका तरुण सहकाऱ्याचे मत, विषाणू शिरला असावा. एका दुकानदाराने तर यंत्र न उघडताच "मदरबोर्ड गया" असे सांगून अठ्ठावीस हजारांचा आकडा लिहून दिला. यांतला कोणताही उपाय कदाचित लागू पडलाही असता; पण एकदम चार उपाय केले आणि व्याधी गेली, तर ती कशाने गेली हे कधीच कळत नाही, आणि ती परत आली म्हणजे माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर. म्हणून आम्ही दुसरे काहीही करण्यापूर्वी भाच्याला एक वही आणावयास सांगितली. यंत्र अडले की तारीख, वेळ, त्या वेळी काय चालू होते, वीज जोडलेली होती की नव्हती, यंत्र मेजावर होते की रजईवर, एवढे पाच रकाने भरावयाचे.

एकवीस दिवसांत अकरा नोंदी झाल्या. आम्ही त्या विंडोजच्या रोजनिशीशी ताडून पाहिल्या. बहुतेकांना ठाऊक नसते, पण ही प्रणाली 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाच्या दप्तरात आपल्या सर्व बऱ्यावाईट घटना मिनिटाबरहुकूम टिपून ठेवीत असते. तेथे अकराही वेळा 'कर्नल-पॉवर ४१' हा शेरा होता. या शेऱ्यावरून पुष्कळ लोक वीजपुरवठ्याला दोषी धरतात, ते बरोबर नाही. मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद न होता गेले, एवढाच त्याचा अर्थ. हजेरीपटावर 'रजेशिवाय गैरहजर' असे लिहावे आणि कारणाचा रकाना कोरा ठेवावा, तसा. शिवाय दिवे गेले तरी लॅपटॉपच्या पोटात बॅटरी असते. ती धड असेतो करोल बागेतल्या विजेच्या लहरींशी त्याला कर्तव्य नाही.

पण त्या ताळमेळातून दुसरी एक गोष्ट निष्पन्न झाली. अकरांपैकी सात वेळा भाच्याच्या यंत्रावर एखादे पुस्तक किंवा वर्तमानपत्र उघडे होते. उरलेल्या चार नोंदींपुढे त्याने स्वतःच्या हाताने 'खेळ' असे लिहिले होते, आणि वेळा मध्यरात्रीनंतर एक, पावणेदोन अशा होत्या. त्या त्याला सहज गाळता आल्या असत्या. यंत्राचे दप्तर आम्ही पाहणार हे त्याला त्या वेळी माहीतही नव्हते.

पहिला संशय उष्णतेवर होता. या जातीच्या यंत्रात गणन करणारी आणि चित्र रेखाटणारी अशा दोन भट्ट्या शेजारी शेजारी पेटलेल्या असतात, आणि त्यांची ऊब दोन लहानशा पंख्यांनी बाहेर टाकावयाची असते. रजईवर ठेवून वापरले की खालची छिद्रे बुजतात आणि कापसाचा भुगा पंख्यात जातो. गफार मार्केटच्या मागील गल्लीत एका कारागिराने आमच्यासमोर ते उघडले, तेव्हा पंख्याच्या तोंडावर अक्षरशः नमदा साचलेला निघाला. त्याने तो काढला, वाळून खडूसारखा झालेला उष्णतावाहक लेप खरवडून नवा लावला. पूर्वी खेळताना शहाण्णव अंशांवर जाणारा पारा ब्याऐंशीवर स्थिरावला. (उष्णतामापकाचाही जबाब तपासून घ्यावा, हे दिल्लीकरांस सांगावयास नको. २९ मे २०२४ रोजी मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखविले, जगभर त्याची वार्ता झाली, आणि पुढे हवामान खात्यास सांगावे लागले की ते उपकरणच तीन अंश जास्त दाखवीत होते. आम्ही दोन निरनिराळ्या साधनांनी मोजून पाहिले. दोहोंचे एकमत होते.)

तीन दिवस यंत्र मुकाट्याने चालले. भाचा आनंदला. आम्ही मात्र वही बंद करू दिली नाही. दोन दिवसांतून सरासरी एकदा येणारी व्याधी निव्वळ योगायोगानेही तीन दिवस गप्प बसू शकते. हिशेब केला तर पाचांत एकदा असे घडावयाचेच. चौथ्या दिवशी सकाळी दहाला, मेजावर, गार यंत्रात, अर्थशास्त्राचे पान वाचीत असता ते पुन्हा थिजले.

आता आम्ही एक बारीकशी खूण काढून टाकली. गंभीर दोष आढळला की विंडोज आपल्या नियमाप्रमाणे यंत्र आपोआप पुन्हा सुरू करते, त्यामुळे दोषाचे नाव वाचावयास सवड मिळत नाही. ती आज्ञा रद्द केल्यावर पुढच्या दोन्ही वेळा निळा पडदा उभा राहिला. पहिल्यावर एक संकेतनाम, दुसऱ्यावर निराळेच. एकाच दोषाचे नाव वारंवार येते तेव्हा बहुधा एखादा ठराविक कार्यक्रम किंवा एखादे साधन बाधलेले असते. दर वेळी नाव बदलत असेल, तर संशय स्मृतीकडे, म्हणजे रॅमकडे, वळवावा.

स्मृतीतील दोष कसा असतो, ते चोपडीच्या उदाहरणाने समजते. हजारो पानांच्या चोपडीत एकच पान असे आहे की त्यावर लिहिलेला आकडा आपोआप बदलतो. ज्या दिवशी त्या पानावर कोणी नोंद करीत नाही, त्या दिवशी कचेरीचा कारभार बिनबोभाट चालतो. ज्या दिवशी तेथे एखादी क्षुल्लक टाचणांची यादी लिहिली गेली, त्या दिवशी कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि ज्या दिवशी तेथे खजिन्याची आज्ञा पडते, त्या दिवशी कचेरी बंद. १८ मे २००३ रोजी बेल्जियममधील स्कारबेक या गावी मतमोजणीत एका उमेदवाराला बरोबर ४०९६ मते जास्त मिळाली. मिळूच शकत नव्हती इतकी ती मते होती, म्हणून तरी ध्यानात आले. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. यंत्राच्या स्मृतीत एका ठिकाणी शून्याचा एक झाला की नेमका एवढाच फरक पडतो. पुन्हा मोजताना ते यंत्र बिनचूक चालले. अवकाशातून आलेल्या किरणाचा तो प्रताप असावा असा तर्क झाला, पण शाबीत काही झाले नाही. निवडणुकीच्या कामावर ज्यांची नेमणूक झाली असेल, त्यांनी त्या गावच्या अधिकाऱ्याच्या मनःस्थितीची कल्पना करावी.

भाच्याच्या यंत्रात स्मृतीच्या दोन पट्ट्या होत्या : एक मूळची, एक मागाहून बसविलेली. मेमटेस्ट८६ नावाचा कार्यक्रम पेन-ड्राइव्हवर घेऊन विंडोज सुरू न करताच रात्रभर चालविला. तो प्रत्येक पानावर लिहितो, वाचतो आणि पडताळतो. पहिल्या दोन फेऱ्या निर्मळ गेल्या. तिसरीत, यंत्र पुरते तापल्यावर, तांबड्या ओळी उमटल्या. मग एकेक पट्टी काढून, दोन्ही वेळा त्याच एका खाचेत बसवून, दोन रात्री तीच परीक्षा घेतली. खाच तीच ठेवणे महत्त्वाचे, नाहीतर खाचेचा दोष पट्टीच्या माथी बसतो. मूळची पट्टी निर्दोष निघाली. मागाहून बसविलेली पट्टी पुन्हा तिसऱ्याच फेरीत चुकली. ती काढून ठेवल्यावर आम्ही पंधरा दिवस वाट पाहिली. वहीतील रकाने कोरे राहिले.

उरला प्रश्न दाजींना काय कळवावयाचे हा. वही आमच्या हातात होती, आणि तिच्यात त्या चार रात्रीही होत्या. त्या रात्रींनी यंत्र बिघडले नव्हते हे खरे. पण परीक्षा पाच महिन्यांवर असता मुलगा मध्यरात्री खेळत होता हेही तितकेच खरे. भाचा समोर बसून होता. त्याने काही मागितले नाही. नुसते म्हणाला, "मामा, दिवसभर कोणाशी बोलणे होत नाही. पुण्याची मुले रात्री तेवढी भेटतात तिथे."

चौकशी अधिकाऱ्याने आपल्याला नेमून दिलेल्या मुद्द्यांबाहेर अभिप्राय देऊ नये, असा नियम आहे, आणि आम्ही सबंध नोकरीत तो पाळला आहे. मुद्दा यंत्र कशाने बिघडले एवढाच होता. आम्ही दाजींना पट्टीची हकिगत सांगितली, सात नोंदींचा हिशेब सांगितला, आणि खेळतो का असे त्यांनी विचारले तर तो स्वतः सांगेल असे म्हटले. त्यांनी विचारले नाही. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ती पट्टी सोलापुरास मीच घेऊन दिली होती. तिसऱ्या वर्षाला पहिला वर्ग आला तेव्हा. पावती असेल."

दाजींच्या घरी प्रत्येक पावती तारेला टोचलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे छायाचित्र आले. दहा वर्षांची हमी होती, त्यातली सहा अजून शिल्लक. पावतीच्या पाठीचेही छायाचित्र त्यांनी सोबत पाठविले होते. तिच्यावर दाजींच्या शाळामास्तरी वळणात खर्चाचे कारण लिहिलेले होते : 'चिरंजीवाच्या स्मरणशक्तीकरिता.'