काट्याची साक्ष

आमच्या घरी एक जुनी मोटार आहे. ती 1961 सालची अँबेसेडर असून माझ्या आजोबांनी घेतलेली आहे. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या धर्तीवर कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथे या गाड्या तयार होत असत. 2014 साली तेथील काम बंद पडले. आजोबा आज हयात नाहीत. तथापि त्यांची मोटार आहे आणि ती हाकणारे तात्याही आहेत. तात्या आमचे नातलग नव्हेत. परंतु तीस वर्षांहून अधिक काळ त्यांचा हात त्या चक्रावर आहे, आणि मालवणातील कित्येक नवरानवरींना त्यांनीच मांडवापर्यंत सुखरूप पोहोचविले आहे. अशा माणसावर आमच्या घरात एकदा संशय घेतला गेला. तो प्रसंग सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आमच्याकडील खाऱ्या हवेपुढे लोखंडाचे फारसे चालत नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी गाडीचा वेगमापक, ज्याला आपण सारे मीटर म्हणतो, तो गंजून कायमचा थांबला. तो मैल दाखविणारा होता. बाबांनी कोल्हापूरच्या बाजारातून एका जुन्या गाडीचा किलोमीटरचा मीटर आणविला. तो जागेवर नीट बसला, केबलची चकतीही जुळली, गाडी सुरू होताच काटा डौलाने वर चढला. आम्हां सर्वांना समाधान वाटले. याहून अधिक काही पाहावयाचे असते हे आमच्या गावीही नव्हते.

आजोबांची एक वही होती. गाडीत किती पेट्रोल घातले आणि गाडी किती चालली याची नोंद ते तीत करीत. त्या वहीप्रमाणे चाळीस लिटरांत गाडी सुमारे अडीचशे मैल, म्हणजे चारशे किलोमीटर जात असे. बाबांनी तीच रीत पुढे चालविली होती. नवा मीटर बसल्यावर मात्र चाळीस लिटरांत साडेतीनशेच किलोमीटर भरू लागले. दर खेपेस पाच लिटर पेट्रोल जाते कोठे? कार्बुरेटर साफ झाला, टाकी तपासली, नळ्या पाहिल्या. गळती कोठेच नव्हती. मग उरला तो एकच तर्क, आणि तो कोणी उघड बोलेना. अखेर एका सायंकाळी बाबा म्हणाले, "तात्या, यापुढे पेट्रोल भराल तेव्हा पंपावरची पावती आणत जा."

तात्यांना अर्थ समजला. ते क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊनू, मी एक थेंबय घेवक नाय." दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची किल्ली खुंटीवर टांगून ते जे गेले, ते पुन्हा आले नाहीत.

पुढच्या रविवारी बाबांना कुडाळास जाणे होते. गाडी त्यांनीच हाकली. मी शेजारी बसलो होतो. कसालला महामार्गावर लागल्यावर वेळ जाण्यासाठी मी रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजू लागलो. आठ दगड मागे पडले तेव्हा मीटरवर सातच किलोमीटर वाढले होते. माझीच मोजणी चुकली असावी असे वाटून येताना पुन्हा मोजले. पुन्हा आठाचे सात! मी बाबांना सांगितले, तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली. ते बराच वेळ काट्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे काटा सत्तरावर असतो तेव्हा आपण ऐंशीने जात असतो." त्या रस्त्यावरून शाळेची मुले चालतात, हे आम्हां दोघांच्याही मनात एकदमच आले असावे.

घरी येऊन आम्ही या यंत्राची माहिती मिळविली. 1902 साली ऑटो शुल्झे या जर्मन गृहस्थाने ज्याचे पेटंट घेतले, त्याच प्रकारचा हा वेगमापक. गिअरबॉक्समधून निघालेली केबल मीटरमधील एक लोहचुंबक फिरविते. त्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. ती चुंबकाला चिकटलेली नसते, तरी त्याच्या फिरण्याने तिच्यात विद्युत्प्रवाह उपजतात आणि ती ओढली जाते. एक नाजूक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जेथे स्थिरावतो तो वेग. अंतर मोजणारे आकडे मात्र त्याच केबलवरून दातेरी चाकांनी फिरतात. यावरून एक गोष्ट ध्यानी येईल: मीटरला रस्ता दिसत नाही, त्याला केवळ केबलचे फेरे कळतात. एका किलोमीटरात किती फेरे होणार, हे गिअरबॉक्समधील दाते, मागच्या आसाचे प्रमाण आणि चाकाचा घेर या तिहींवर अवलंबून असते. गाडी बदलली की फेरे बदलतात.

जुना मीटर अडगळीत पडला होता. तो पुसून पाहता तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांत 1408 हा आकडा दिसला; नव्यावर 1000 होता. जुना मैलामागे 1408 फेरे मागणारा, तर नवा किलोमीटरमागे 1000. मैलाचे 1.609 किलोमीटर धरून भागाकार केला तो 875 आला. आमची गाडी किलोमीटरला 875 फेरे देते आणि नवा मीटर हजार झाल्याशिवाय किलोमीटर मोजीत नाही. आठाचे सात होतात ते यामुळे!

तरीही बाबा म्हणाले, "एकदा आकड्यावर विश्वासून चुकलो आहोत, आता हाताने मोजू." मागचे एक चाक उचलून ते फिरविण्याचा बेत प्रथम होता, पण दुसरे चाक जमिनीवर थांबलेले असता केबलचे फेरे निम्मेच पडतात, असे कळले. म्हणून चाकांत योग्य हवा भरून, सपाट रस्त्यावर फीत धरून चाळीस मीटरांवर खुणा केल्या. केबल मीटरमधून सोडविली, तिच्या आतील तारेला पुठ्ठ्याचा कपटा लावला, आणि शेजाऱ्यांनी गाडी ढकलली. कपटा बरोबर पस्तीस वेळा फिरला. पस्तीस गुणिले पंचवीस, आठशे पंच्याहत्तर. वहीत चाळीस लिटरांना साडेतीनशे होते. खरे किलोमीटर चारशेच होते. एक थेंबही कोठे गेला नव्हता.

त्याच संध्याकाळी बाबा वायरीला तात्यांच्या घरी गेले. मलाही त्यांनी बरोबर नेले. ओटीवर बसून त्यांनी सारा हिशेब सांगितला आणि म्हणाले, "तात्या, काट्याची साक्ष खरी मानली आणि तुमची खोटी. चूक माझी." तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी आत चहा सांगितला. थोड्या वेळाने मात्र विचारले, "गाडीचा तेल बघितलात?" सोमवारी ते कामावर आले.

पुढे एका कारागिराकडून केबल आणि मीटर यांच्यामध्ये बसणारी छोटी पेटी करविली. चालविणारे चाक बत्तीस दात्यांचे, चालणारे अठ्ठावीस दात्यांचे. म्हणजे केबलच्या सात फेऱ्यांना मीटरचे आठ. दोनच चाकांनी फिरण्याची दिशा उलटते, म्हणून मध्ये तिसरे घालावे लागले. त्याने प्रमाण बदलत नाही. आता आठ दगडांना आठ किलोमीटर भरतात.

बालमित्रहो, या प्रकरणात मीटर बिघडलेला नव्हता. ज्या गाडीसाठी तो घडविला, तीत तो खराच ठरला असता. दुसऱ्याच्या गाडीचे माप आम्ही न तपासता आपल्या गाडीला लावले, आणि त्याचा भार एका प्रामाणिक माणसाने सोसला. यास्तव आकडा समोर आला म्हणजे तो कशावरून मोजला हे आधी विचारावे, आणि त्याच्या आधारे कोणाला बोल लावण्यापूर्वी रस्त्यावरचे दगड एकदा स्वतः मोजून पाहावेत, एवढेच सांगावेसे वाटते.