चाकणहून अजून निघाली नाही

रविवार, रात्र.

बुकिंगला आज चौदा आठवडे झाले. "सर, प्रॉडक्शनला लागलीय," शोरूममधल्या मुलाचं ठरलेलं वाक्य. कारखाना चाकणला, म्हणजे घरापासून तासा-दीड तासावर. परवा नाशिक रस्त्यावर दुमजली ट्रेलरवर आमच्याच निळ्या रंगाची एक दिसली. दुसऱ्या कुणाची तरी असणार. तरी थोडं जळलोच.

आता झोपताना मनातल्या मनात ती जुळवत बसतो. पत्रा दाबून काढलेले भाग, रोबोंचं वेल्डिंग, रंगाआधी अख्ख्या सांगाड्याची टाकीत बुडी, मग भट्टी. इंजिन आणि बॉडी एकत्र येतात त्या टप्प्याला कारखान्यात चक्क 'मॅरेज' म्हणतात! आमचं घोडं बहुधा त्याच मांडवात अडलंय. शिवाय 17 अक्षर-अंकांचा चासी नंबर. त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. हे सगळं मला चौदा आठवड्यांपूर्वी ठाऊक नव्हतं.

बाबा हसतात. लायसन्स-परमिटच्या काळात त्यांनी चेतकचा नंबर लावला, तेव्हा ते सडेफटिंग होते. स्कूटर आली तेव्हा पुढे उभं राहायला मी होतो.

संध्याकाळी फोन आला. गाडी तयार, गुरुवारी घेऊन जा. मी ओरडलोच. आईने कालनिर्णयकडे बोट दाखवलं. पितृपक्ष.

"दसऱ्याला आण," म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

पार्किंगमधली जुनी सायकल मात्र मी आत्ताच हलवून आलो.