गोल्डबर्ग, पुनरावृत्तीसकट

बाखचं 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' म्हटलं की इकडे पहिलं नाव निघतं ते ग्लेन गूल्डचं. १९५५ सालचं त्याचं ध्वनिमुद्रण जेमतेम ३८ मिनिटांचं. बाखनं प्रत्येक तुकड्याचे दोन भाग केलेत आणि दोन्ही दोनदा वाजवायला सांगितलेत. गूल्डनं त्याला सरळ फाटा दिला. आइसलंडच्या व्हिकिंगर ओलाफसनचं २०२३ चं ध्वनिमुद्रण मात्र ७४ मिनिटं चालतं. संथ आहे म्हणून नव्हे हं, द्रुत तुकडे तो सुसाटच वाजवतो!

आपला कान सुरुवातीच्या 'आरिया'ची चाल पुढच्या ३० तुकड्यांत शोधत बसतो, आणि ती काही सापडत नाही. कायम असते ती खालची, खर्जातली स्वरांची साखळी. तबला सोलोतला लेहराच म्हणा ना. तो एकदा कानात बसला की ओलाफसनची गंमत कळते: दुसऱ्या खेपेला तो आतला एखादा दबलेला सूर अलगद वर काढतो. बंदिशीची तीच ओळ गवयानं पुन्हा घ्यावी, तसं.

२०२५ मध्ये याला ग्रॅमीही मिळालं. असो. वेळ नसेल तर निदान पंचविसावा तुकडा ऐका, जी मायनरमधला. मी तरी त्यानंतर लगेच सव्विसावा लागू देत नाही.