तेराव्याच्या आधी आणि नंतर

तुमच्या गल्लीत मयत झाली की काय होतं, आठवून बघा. कुणीतरी नातेवाइकांना फोन लावायला बसतं, कुणी सामान आणायला जातं, कुणी म्हाताऱ्या आईजवळ बसून राहतं. त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारून पिठलं-भाकरी येते. कडू घास म्हणतात त्याला. हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. कुठल्याही हॉस्पिटलला जमणार नाही अशी ही व्यवस्था आहे.

माझी तक्रार तिच्या वेळेबद्दल आहे. माणूस गेल्यावर ती सुरू होते आणि तेराव्याला संपते. घरच्यांची खरी दमछाक आधीच्या महिन्यांत होते आणि खरा एकटेपणा चौदाव्या दिवशी सुरू होतो.

एका घरी मी तपासायला जात असे. नवऱ्याला जबड्याचा कॅन्सर, शेवटचा टप्पा. सगळं करणारी बायको एकटी. शेजारी वाईट नव्हते, पण त्यांचं येणं थांबलं होतं. जिन्यात एकाला विचारलं तर म्हणाला, "जाऊन बोलायचं काय, डॉक्टर?" आणि त्या बाईंनी मला औषधाचं काहीच विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "अर्धा तास कुणी यांच्याजवळ बसेल का? मला निवांत अंघोळ करायची आहे."

तेव्हा बोलायचं काय हा प्रश्न सोडून द्या. "काही लागलं तर सांगा" हे वाक्यही सोडून द्या, कारण त्यावर कुणी काही सांगत नाही. त्यापेक्षा "मंगळवारी चार ते सहा मी बसतो, तुम्ही झोपा" म्हणा. डबा द्या, औषधं आणून द्या, मुलांचा अभ्यास घ्या. आजाऱ्याजवळ बसून क्रिकेट बघितलं तरी चालतं. कॅन्सर बसण्याने किंवा हात धरण्याने लागत नाही.

फक्त दोन गोष्टी टाळा. एक, "खा, खा" म्हणून मागे लागणं. शेवटच्या दिवसांत भूक आपोआप जाते, शरीराला अन्न पेलत नाही. जबरदस्तीने भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. ओठ आणि तोंड ओलं ठेवा, तेवढं पुरतं. दुसरं, मॉर्फिनची भीती घालणं. कॅन्सरच्या तीव्र वेदनेसाठी डॉक्टरच्या देखरेखीत दिलेलं मॉर्फिन माणसाला व्यसनी करत नाही आणि मरण जवळ आणत नाही. बद्धकोष्ठ मात्र होतं, त्याचं औषध सोबत मागून घ्या. "मॉर्फिन सुरू झालं म्हणजे संपलंच" असं बोलणाऱ्या एका पाहुण्यामुळे रुग्ण वेदना सोसत राहतो, हे मी पाहिलेलं आहे.

केरळमध्ये हे काम शेजाऱ्यांनीच अंगावर घेतलं. 1993 साली कोळिकोडला काही डॉक्टर आणि स्वयंसेवकांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर क्लिनिक सुरू केलं. पुढे गावोगावच्या साध्या लोकांना थोडं प्रशिक्षण मिळालं. ते घरोघर जातात, नर्सला बोलावतात, गरज असेल तर किराणाही पोचवतात. खर्चाचा मोठा भाग लोकांच्या लहान-लहान देणग्यांतून येतो. 2008 मध्ये राज्य सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण केलं आणि ग्रामपंचायती त्यात उतरल्या. आपल्याकडे गणेश मंडळं आहेत, बचत गट आहेत, भजनी मंडळं आहेत, सोसायटीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तर विचारूच नका. माणसांची वानवा नाही.

आता चौदाव्या दिवसाबद्दल. गेलेल्याचं नाव मुद्दाम घ्या. नाव काढलं तर त्या रडतील म्हणून सगळे गप्प बसतात, आणि ती गप्प राहणारी घरं फार जड होतात. बँक, वारस नोंद, पेन्शन या कामांना सोबत जा. पहिली दिवाळी, पहिला वाढदिवस लक्षात ठेवा. लहान मुलांना "बाबा झोपलेत" किंवा "गावाला गेलेत" असं सांगू नका. ती झोपायला घाबरतात, नाहीतर वाट बघत राहतात.

गेलेल्या माणसाची चाहूल लागणं, आवाज ऐकू आल्यासारखं वाटणं, मध्येच राग येणं हे बहुतेक वेळा दुःखाचाच भाग असतं, वेड लागण्याचं लक्षण नाही. पण सहा महिने उलटूनही रोजचे व्यवहार ठप्प असतील, तर डॉक्टरांना दाखवा. दारू वाढली असेल किंवा "मलाही जायचंय" असं बोलणं सुरू झालं असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोन तुम्ही लावून द्या आणि शेजारी बसा.